रायपूरला जाऊन अन्ननलिका पाहून आले

लोक प्रवासाला जातात आणि देऊळ पाहून येतात, धबधबा पाहून येतात. मी रायपूरला गेले आणि स्वतःची अन्ननलिका पाहून आले. पुलगावात आमच्या गल्लीतल्या बायका विचारतात, "काय काय पाहिलं व काकू?" तर मी हेच सांगते. त्या हसतात, आणि मग जवळ सरकून हळूच विचारतात, "म्हंजे झालं काय होतं तुमाले?" प्रत्येकीला सांगता सांगता माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाचं लिहूनच काढते. शाळा माझी चौथीपर्यंतची. पुढचं मी रद्दीतले पेपर वाचून शिकले. तेव्हा जसं बोलते तसंच लिहीन.

झालं होतं असं, की गिळलेलं अन्न छातीत अडकायचं. पोळीचा घास घशाखाली उतरायचा आणि छातीच्या मधोमध थांबायचा, सिग्नल नसला की गाडी आउटरला थांबते तशी. मग वरून तांब्याभर पाणी ओतायचं, उभं राहायचं, हात वर करायचे, अंगणात चकरा मारायच्या, तेव्हा कुठे तो सरकायचा. कधी सरकायचाच नाही, आला तसा तोंडाने परत यायचा. ती ओकारी नव्हे. आंबट नाही, काही नाही, जसं गिळलं तसंच वर. रात्री आडवी झाले की उशी ओली आणि खोकल्याची ढास. आधी पोळी सुटली, मग भात सुटला, शेवटी ज्वारीची पेज, ताक आणि चहा एवढ्यावर मी आले. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या.

तुम्ही म्हणाल, घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, कसं येईल? सगळ्यांना वाढून झालं की मी मागून जेवायची, स्वयंपाकघरात, एकटी. सगळ्यांच्या शेवटी जेवणारी बाई कशी जेवते ते घरात कोणी पाहिलेलंच नसतं.

पुलगावच्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या. वर्ध्याच्या डॉक्टरने घसा पाहिला. नागपूरला तोंडातून दुर्बीण घातली. पण तिथे जायच्या आधी कितीतरी दिवस मी नुसत्या पेजेवर होते, त्यामुळे नळी आपली धुतल्यासारखी स्वच्छ. सगळं ठीक आहे म्हणाले, मन रमवा म्हणाले. आमचे हे, मिलमधून रिटायर झालेले, एकदम खूश. "डॉक्टर म्हनते ना काही नाही! मंग काही नाही. तू लय विचार करतं." तिथल्याच एका तरुण डॉक्टरने मात्र चिठ्ठीवर एका तपासणीचं नाव लिहून दिलं होतं. नळीतला दाब मोजायची तपासणी, क्वचितच लागते, म्हणाला. आणि त्यांच्याकडचं मशीन बंद होतं.

विचार तर मी करतच होते, पण एकाच गोष्टीचा. कॅन्सर. तो शब्द मी घरात उच्चारला नाही आणि दुसऱ्या कोणीही उच्चारला नाही.

माझी धाकटी बहीण शकू लग्न होऊन रायपूरला गेली, त्याला आता जन्म लोटला. जवाईबापू रेल्वेत. तिला फोनवर चिठ्ठीतलं नाव वाचून दाखवलं. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. "ताई, आमच्या इथल्या एका मोठ्या दवाखान्यात होते ते. ये निघून. काही विचारू नको कोनाले."

गुढियारी

गाडीच्या प्रवासाचं काही सांगत नाही, गाडी सगळ्यांनी पाहिली आहे. फक्त गोंदिया सोडल्यावर सालेकशाकडे खिडकीजवळची जागा धरा. तिथे रूळ डोंगरात शिरतात, दोन्हीकडे जंगल अंगावर येतं, आणि पलीकडे निघालात की मुलूखच बदलतो. आमच्याकडे काळी माती, कपाशी, सोयाबीन. तिकडे जिकडे पाहावं तिकडे पाणी भरलेल्या बांध्या आणि त्यांत हिरवागार धान. भाताचाच देश. माझ्या छातीत मऊ भातसुद्धा अडकायचा, म्हणून मी त्या हिरव्या रंगाकडे जरा संशयानेच पाहिलं.

शकूचं घर गुढियारीत. स्टेशनच्या मागच्या अंगाला, गोदामं, हातगाड्या, पोती वाहणारे लोक, आणि दिवसभर मालगाड्यांचा धडधडाट. पण गल्लीत शिरलं की सगळे एकमेकांना ओळखतात. गल्लीला, मोहल्ल्याला ते पारा म्हणतात. आणि आपण जसं "काय, कसं काय?" विचारतो तसं तिथे विचारतात, "खाना खा लिए?" रिक्षातून उतरून दारापर्यंत जाईतो मला तीन बायकांनी हे विचारलं. मी तिघींना "हो" म्हटलं. पहिल्याच दिवशी तीनदा खोटं.

शकूची पोरगी रश्मी कॉलेजात जाते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. "रश्मे, मावशीले पानी दे," तर "देती हूँ ना मम्मी." मला मौसी म्हणते. संध्याकाळी शकूकडे सगळे एकत्रच जेवायला बसतात, बाया-पुरुष सगळे, टीव्हीसमोर. आम्हाला लहानपणी असं बसू दिलं असतं का? मी म्हटलं, "तुमी जेवा, मी मागून जेवतो." शकूला त्यात वावगं काही वाटलं नाही, कारण आमच्या आईचं असंच होतं.

जवाईबापूंच्या ओळखीने दवाखान्यात नाव घातलं, पण नंबर लागला पुढच्या आठवड्याचा. म्हणजे तोवर मी पाहुणी. आणि इथेच गंमत झाली. ते दिवस होते हरतालिकेच्या तोंडावरचे. आपण जिला हरतालिका म्हणतो तिला तिकडे तीजा म्हणतात, आणि छत्तीसगडात तीजा म्हणजे आपल्या दिवाळीच्या वरचढ. लग्न झालेली प्रत्येक लेक-बहीण माहेरी येते, भाऊ आणायला जातो, माहेरची साडी मिळते. त्या आठवड्यात जी बाई पिशवी घेऊन पाऱ्यात उतरेल ती तीजालाच आली, दुसरं कारण असूच शकत नाही. शेजारच्या साहू दीदी कमरेवर हात ठेवून दारात आल्या, माझ्याहून थोड्या लहान असतील.

"तीजा माने बर आए हव का दीदी?"

मी शकूकडे पाहिलं. शकूने पटकन म्हटलं, "हव, हव, तीजा के लिए ही आई है." मागून मला म्हणते, "काहून सांगायचं दवाखान्याचं? अख्खा पारा विचारत येईल."

मग काय, मी तीजाची पाहुणी झाले. साहू दीदींनी लगेच ठेठरी आणून दिली. बेसनाची तळलेली वेटोळी, खुसखुशीत, वास असा की तोंडाला पाणी सुटावं. कोरडी ठक्क. मी एक तुकडा तोंडात धरून विरघळेपर्यंत चघळत बसले. दीदी म्हणाल्या, "बने बने खाओ, शरमाओ मत!" बने बने म्हणजे छानपैकी.

करू भात

आपल्याकडे हरतालिकेला वाळूची पिंड, बेलपत्री आणि फार तर फळं. तिकडचा तीजा निर्जळी, पाण्याचा थेंब नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी बायकांना जेवायला बोलावतात, आणि त्या जेवणात कारल्याची भाजी नि भात असायलाच पाहिजे. त्याला म्हणतात करू भात. करू म्हणजे आपलं कडू. एका घरी खाऊन भागत नाही. ह्या घरी दोन घास, त्या घरी दोन घास, असं पाराभर फिरायचं. जी घरी येणार नाही तिच्यावर वर्षभर रुसवा.

मी शकूला म्हटलं, "मी नाही येत. डोकं दुखून राहिलं."

"चल व ताई. माहेरची म्हनून तूच पहिल्यांदा आली माह्याकडे. दरवर्षी सगळ्या इचारतात, शकुन के मायके से कौन आया, अन मी दात दाखवून गप."

मी चप्पल घातली आणि गेले.

साहू दीदींच्या अंगणात चटया टाकलेल्या. दीदींच्या तिन्ही लेकी सासरहून आलेल्या, मेंदी, हसणं, सासूच्या नकला. बायका रांगेत बसलेल्या, समोर ताटं. किती वर्षांनी मी अशी चारचौघींत जेवायला बसले असेन, तुम्हीच हिशोब करा. कारलं सुरेख झालं होतं, कांदा घालून खरपूस परतलेलं. पहिला घास गेला. दुसरा त्याच्यावर जाऊन बसला. तिसऱ्याला मी पाणी प्यायले. "अरे, पानी में पेट मत भरो दीदी!" चारही बाजूंनी हसल्या. मीही हसले. छातीत असं आवळून आलं की कपाळाला घाम फुटला, पण ताट टाकून उठायचं कसं?

तिथून दुसऱ्या घरी. तिथेही दोन घास. तिसऱ्या घरी वाढायला घेतलं तशी मी उठले, मोरीजवळच्या नळापाशी गेले, आणि रोजचं माझं जे काय ते सुरू केलं. पाणी ओत, हात वर कर, मान ताण, पाय आपट. मागे वळून पाहिलं तर शकू उभी.

"ताई, हे काय करून राहिली?"

मला बोलता येईना. हातानेच थांब म्हटलं. जरा वेळाने थोडं वर आलं, थोडं आतच राहिलं.

"रोज होते असं?"

"रोज."

"भाऊजीईले माहीत आहे?"

"त्याईनं कधी पाह्यलं नाही."

शकू जवळ आली. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि तिच्या हाताला माझ्या पाठीची हाडं लागली असणार, कारण ती एकदम रडायलाच लागली. आतून बायका ओरडल्या, "शकुन, कहाँ गे?" तिने तोंड धुतलं आणि आत जाऊन सांगितलं, "दीदी को चक्कर आ गया, घर ले जाती हूँ." पुढच्या, चौथ्या घराच्या बायकांनी आमची वाट पाहिली म्हणतात.

तीजाचा दिवस

सकाळी दवाखान्यातून फोन. आज तीजा, बायका आल्या नाहीत, दुर्बिणीचा नंबर रिकामा आहे, आज येता का? पोट रिकामं पाहिजे. शकू म्हणाली, "एकदम रिकामं! पानी भी नहीं पिया, तीजा है." खरंच होतं ते. मीही उपास धरला होता, शकूबरोबर. ती वाटेभर कुरकुरत होती, "ज्या मानसासाठी तू निर्जळी करून राहिली, तोच म्हनते का तुले मनाचा रोग आहे."

दवाखाना भला मोठा, पण त्या दिवशी सुनासुना. नोंदणीच्या खिडकीतल्या पोरींचे हात मेंदीने लाल, ओठ सुकलेले, त्याही निर्जळी. डॉक्टर चाळिशीचे, गोल चेहऱ्याचे, तिकडल्याच धमतरीचे. त्यांनी घशात बधिर करायचा फवारा मारला, डाव्या कुशीवर झोपवलं, दुर्बीण आत घातली आणि लगेच बाहेर ओढली. तोंड रागाचं.

"अम्मा, सुबह क्या खाकर आई हो? पूरा भरा पड़ा है अंदर. ऐसे में जाँच करते हैं क्या?"

माझी जीभ बधिर, मी नुसतीच मान हलवत होते. बाहेरून शकू आत शिरली, नर्स अडवते आहे तरी शिरली. "डॉक्टर साब, आज तीजा है! पानी का बूँद नहीं लिया इसने. मेरे सामने थी रात से."

डॉक्टरांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिथे चित्र थांबवलेलं होतं. गुलाबी भिंती आणि मध्ये पांढरं-हिरवं काहीतरी. ते वाकून पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि भलतंच काही आलं.

"ये तो करेला है," ते म्हणाले. "करू भात है ये!"

"कल शाम का," शकू म्हणाली.

"मेरी दीदी भी कल आई है तीजा मनाने. मैं भी यही खाकर सोया था." एवढं बोलून ते स्टूलवर बसलेच. "मेरा तो कब का पच गया. आपका अभी तक यहीं बैठा है. अम्मा, ये कब से है?"

मला अजून ती खोली आठवते. इतक्या डॉक्टरांत पहिल्यांदा कोणीतरी, अडकतं हे खरं आहे असं धरून मला प्रश्न विचारत होतं. नागपूरला मी शहाणपणाने पेज पिऊन गेले होते, म्हणून काही दिसलं नाही. इथे शेजाऱ्यांच्या भिडेपायी भात खाऊन गेले, आणि आज काही खाल्लंच नसणार हे डॉक्टरांनाही पटलं, कारण तीजाच्या दिवशी कोण खाईल? तरी एक सांगून ठेवते, माझं पाहून कोणी असं खाऊन जाऊ नका. डॉक्टर म्हणाले, झोपेचं इंजेक्शन दिलं असतं तर हेच अन्न श्वासनळीत गेलं असतं.

त्यांनी ते सगळं हळूहळू ओढून काढलं, नळी धुतली, दुर्बीण पार खालपर्यंत नेली. जिथे नळी पोटाला मिळते तिथे जरा जोर लागला आणि मग ती सुळकन आत गेली. सगळीकडून पाहिलं. बाहेर आल्यावर मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "गाँठ नहीं है अम्मा. एक टुकड़ा जाँच को भेज रहे हैं, पर मुझे गाँठ नहीं दिखी."

मी आणि शकू बाहेरच्या बाकावर बसलो. दोघींचा निर्जळी उपास, त्यामुळे रडायलाही तोंड कोरडं.

बटवा

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. साहू दीदींकडे उपास सुटले, त्यांच्या लेकी माहेरच्या नव्या साड्या नेसून पारा हिंडत होत्या. शकूला द्यायला मी पुलगावहून साडी आणलीच नव्हती, मी तर दवाखान्याच्या विचारात निघालेली. जवाईबापूंना घरच्या गणपतीपाशी बसवून आम्ही सदर बाजारात गेलो. सोनारांची दुकानं, कापडाची दुकानं, आणि स्कूटर अशा अंगावर येतात की साडीचा पोत बघावा का पाय वाचवावा. शकूने जांभळी घेतली. रंग मला पटला नाही, पण माहेर मी, नेसणार ती.

पुढचे दिवस नुसतं पातळ. तिकडे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खातात, त्याला बासी म्हणतात. त्याचं वरचं पाणी शकू मला मीठ घालून द्यायची. आंबूस, गार, आणि विशेष म्हणजे उतरायचं. मग तपासण्या. एकीत पांढरं घट्ट औषध पाजून फोटो काढतात. दुसरी ती चिठ्ठीतली. नाकातून बारीक नळी घालून पडल्या पडल्या पाण्याचे घोट घ्यायला लावतात आणि नळी कुठे किती दाबते ते पडद्यावर रंगांत उमटतं. नाकातून नळी जाताना डोळ्यांतून पाणी येतं, शिव्या आठवतात, पण जीव जात नाही.

तोवर आमच्या ह्यांना शकूने फोन करून बोलावून घेतलं होतं. काय बोलली माहीत नाही, पण हे आले ते न्हाव्याकडेसुद्धा न जाता आले. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून फोटो उजेडावर धरला. मी पाहिलं तर बटवा. वर फुगलेला, खाली नाडी ओढून आवळलेला. पान-सुपारीचा असतो ना, तसाच.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. या आजाराला अकॅलेशिया म्हणतात. फार कमी लोकांना होतो, म्हणून पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. नळी अन्न खाली ढकलायचं विसरते आणि खालचं दार उघडत नाही. का होतो, कोणाला नीट माहीत नाही. पूर्ण बरा होत नाही, नळीचं ढकलणं परत येत नाही. पण दार उघडून देता येतं.

कसं? एक, आत फुगा घालून ते ताणायचं. त्यात लवकर घरी जाता येतं, पण पुन्हा करावं लागू शकतं आणि नळी फाटायचा थोडा धोका. दोन, पोटाला लहान भोकं पाडून ऑपरेशन. तीन, तोंडातूनच दुर्बिणीने जाऊन आतल्या आत तो आवळलेला स्नायू कापायचा. याने पुढे छातीत आंबट येतं, गोळी घ्यावी लागते. इंजेक्शनही असतं, पण त्याचा गुण टिकत नाही.

हे म्हणाले, "या वयात चिराफाडी कायले? फुगा बरा."

शकू म्हणाली, "भाऊजी, तुमाले गिळाचं आहे का तिले?"

 मी डॉक्टरांना विचारलं, "आपकी माँ होती तो क्या करते?" सगळे हेच विचारत असतील त्यांना. ते म्हणाले, "माँ से पूछता, उसे क्या चाहिए."

मला काय पाहिजे हे कोणी विचारलं की मला आधी दुसऱ्यांचंच आठवतं. ह्यांची शुगर, शकूच्या घरातली गर्दी, परत जायची गाडी. जरा वेळ लागला. मग म्हटलं, "मुझे खाना खाना है. बार-बार आना नहीं है. तीसरा वाला करो."

बाहेर आल्यावर ह्यांनी फोटोचं पाकीट माझ्या हातातून घेतलं. गुढियारी येईपर्यंत ते मांडीवर धरून बसले होते. रिक्षातून उतरताना म्हणाले, "मले वाटे, तुले भूकच कमी."

"भूक लय होती," मी म्हटलं.

गिळणं

तुकड्याचा रिपोर्ट स्वच्छ आला आणि मग ते झालं. पूर्ण भूल दिली, म्हणून त्यातलं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. जागी झाले तर छातीत दुखत होतं, गळ्याखाली फुगल्यासारखं झालं होतं, आणि ते उतरेल म्हणाले, ते उतरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा औषध पाजून फोटो. या वेळी मी स्वतः पडद्याकडे पाहत होते. औषध खाली आलं, दाराशी जरा रेंगाळलं, आणि गेलं. तंत्रज्ञ म्हणाला, "हो गया अम्मा, उतरो." मी म्हटलं, एकदा अजून पाहू द्या. त्याने दाखवलं.

मग काही दिवस पाणी, सूप, पेज. आता पथ्य आहेच. उंच उशी, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, गोळी रोज, सावकाश चावून खायचं, वर्षातून एकदा दाखवायला जायचं. पण डॉक्टरांनी मऊ जेवायला परवानगी दिली तो दिवस सांगते आणि संपवते.

शकूने मऊ खिचडी केली, वर तूप. टीव्ही बंद. जवाईबापू, रश्मी, शकू आणि आमचे हे, सगळे माझ्याभोवती बसलेले, आणि कोणी जेवेना. सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे. नव्या नवरीसारखं लाजल्यासारखं झालं. मी म्हटलं, "तुमी खा ना, मले काहून पाहून राहिले?" कोणी हललं नाही. मी घास घेतला. चावला. गिळला. हात सवयीने तांब्याकडे गेला. आणि मग मी थांबले, छातीकडे लक्ष देऊन.

"क्या हुआ मौसी? अटका?" रश्मी अर्धी उठली.

"काय वाटून राहिलं?" ह्यांनी विचारलं. 

मी नीट पाहिलं, अगदी प्रामाणिकपणे, आतून. मधोमध काही नव्हतं. दुखत नव्हतं, आवळत नव्हतं, काही सरकायची वाटही पाहत नव्हतं.

"काहीच नाही वाटत," मी म्हटलं. "तुमाले घास गिळल्यावर असंच होते का? काहीच नाही वाटत?"

"काहीच नाही," हे म्हणाले.

मी दुसरा घास घेतला.